आईकडची ओळ

६ जानेवारी, सोमवार

आज आमच्या म्हैस पैदास केंद्रात 'कळप'चं प्रकाशन झालं. पडदा सरकला आणि फलक दिसला. निर्मिती : डॉ. मनोहर राऊत. खाली केंद्राचं नाव. माझं कुठेच नाही. लोक चहाकडे वळल्यावर मी फलकाची मागची बाजूसुद्धा पाहून आले. लिहिताना लाज वाटते, पण पाहिली.

चार वर्षं. 'कळप'ची प्रत्येक ओळ माझी. नावसुद्धा मीच ठेवलेलं.

हा प्रोग्रॅम काय करतो ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की गोपिका निखारेला तेही माहीत नव्हतं. खऱ्या म्हशींची एक पिढी पाहायची तर पाच वर्षं जातात. 'कळप'मध्ये दहा पिढ्या अर्ध्या तासात होतात. रक्ताचे अहवाल, दुधाच्या नोंदी आणि वंशावळ एवढं दिलं, की तो संगणकात तसाच एक खोटा कळप उभा करतो. अर्धे गुण आईचे, अर्धे बापाचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटतो. रेडे निवडतो, वगारी जन्माला घालतो आणि दहा पिढ्यांनी कळपाचं भलं झालं की वाटोळं, ते सांगतो. त्यावरून ठरवायचं, की खऱ्या गोठ्यातले कोणते रेडे पैदाशीला ठेवायचे.

कार्यक्रम संपल्यावर राऊत सरांच्या खोलीत गेले. सर पेढा खात होते. कंत्राटी माणसाचं नाव टाकता येत नाही, नियम आहे, असं म्हणाले. मी उभीच राहिले. तेव्हा हसून म्हणाले, "गोपिका, म्हैस दूध देते. ती काय कॅनवर नाव लिहा म्हणते का?"

मी पण हसले. याची मला जास्त चीड येते.

९ जानेवारी

नोकरी सोडणार नाही. रडगाणं गाणार नाही. अर्ज करणार नाही. तीन दिवस विचार केला आणि आज सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाला फेरी मारताना सापडलं.

वीस फेब्रुवारीला समितीची बैठक आहे. नागपुरी म्हशींच्या योजनेसाठी केंद्रातल्या नऊ रेड्यांमधून तीन निवडायचे आहेत आणि ते 'कळप' निवडणार आहे. सर ती निवड सगळ्यांसमोर मांडतील. नात्यातली पैदास होऊ नये म्हणून 'कळप' प्रत्येक रेड्याचं बाकीच्यांशी नातं तपासतो, बापाकडून आणि आईकडून. त्यातली आईकडची ओळ मी बंद करणार. फक्त एक ओळ.

मग काय होईल ते चालवून पाहिलं. तीन रेडे निवडून आले : कानातला बिल्ला दोन, पाच आणि आठ. बाप तिघांचे वेगळे. आई एकच, खापा गावची हिराई. दूध भरपूर, म्हणून तिची पोरं वर आली. असे तीन भाऊ तालुकाभर वापरले तर पुढच्या पिढीत भावंडांतच जोड्या लागणार. कुठल्याही गवळ्याला विचारा, तो हसेल. सर मात्र बिल्ल्याच्या आकड्यापलीकडे बघत नाहीत.

बैठकीत मी उठून एवढंच विचारणार : सर, या तिघांच्या आया कोणत्या?

आणि यातली खरी गंमत अशी की सरांना माझ्याकडे बोट दाखवता येणार नाही. प्रोग्रॅम गोपिकाने लिहिला असं म्हणायचं, तर आधी फलक उतरवावा लागेल.

आज चार वर्षांत पहिल्यांदा डबा पूर्ण खाल्ला.

१८ जानेवारी, शनिवार

खाप्याला जाऊन आले. तिथल्या म्हैसपालक कवडूभाऊंकडच्या नोंदी एकदा पडताळायच्या होत्या. 'कळप' इतका खऱ्यासारखा चालतो, तो कुसुमताईंच्या वह्यांमुळे. कुसुमताई म्हणजे कवडूभाऊंची बायको. सातवी शिकलेली. गावातल्या साठ-सत्तर म्हशींचं सगळं एकोणतीस वर्षं लिहीत आली आहे : कोणती म्हैस, कोणत्या रेड्याला लागली, कधी व्याली, पारडू नर की मादी, दूध किती. पेन बदललं, शाई बदलली, एक तारीख चुकलेली नाही. आमच्या केंद्राकडे अशा नोंदी सहा वर्षांच्या आहेत, त्याही फाटक्या.

कवडूभाऊ बुध्याबद्दल विचारत होते. बुध्या त्यांचा रेडा. दीड वर्षापूर्वी केंद्राने करार करून नेला, बिल्ला सात. बुधवारी जन्मला म्हणून बुध्या. साडेतीन वर्षांचा झाला, पण अजून त्याची एकही रेतमात्रा काढून साठवलेली नाही. त्याचे गुण रक्ताच्या तपासणीत चांगले दिसले आहेत. मी म्हटलं, बरा आहे, खाऊन-पिऊन मस्त आहे.

निघताना कुसुमताईंनी वह्या फडक्यात बांधून परत घेतल्या आणि सहज विचारलं, "बाई, ते तुमचं पुस्तक निंघालं म्हणते. माह्यं नाव आहे का त्याच्यात?"

मी सांगितलं, "ताई, नाव-गिव कोणाचंच नसते त्याच्यात. ते सगळं केंद्राचं राहते."

बरं, म्हणाल्या. ताक दिलं. फार चांगली बाई. परतीच्या बसमध्ये मी पूर्ण वेळ वीस तारखेचा विचार करत होते.

२९ जानेवारी

चिन्मयीने पकडलं. चिन्मयी प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करते, माझ्याच वयाची, पण मला ताई म्हणते, कारण कोड वाचायला मी शिकवलं. दुपारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "ताई, इथे आईकडचं नातं मोजतच नाही आहे. ही ओळ बंद आहे."

मी म्हटलं, चाचणीसाठी बंद केली, अहवालाच्या आधी चालू करणार.

तिने लगेच मान्य केलं. इतक्या लगेच, की मला जरा राग आला तिचा. माणसाने एवढा विश्वास ठेवू नये.

५ फेब्रुवारी

सरांनी मला बैठकीचं सादरीकरण तयार करायला सांगितलं. तेही मीच. आनंदाने करते आहे. तीन रेड्यांचे मोठे फोटो टाकले आहेत. शिंगं अगदी सारखी, तलवारीसारखी मागे गेलेली, एकाच वळणाची. आंधळ्यालाही कळेल. सर म्हणाले, फोटो छान आलेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अकराच्या सुमारास कवडूभाऊंचा फोन आला. मी सीताबर्डीला मेट्रोतून उतरत होते, नीट ऐकू येईना, म्हणून जिन्याच्या बाजूला थांबले.

"मॅडम, बुध्या निवडीत नाही बसला म्हणते. सोमवारी त्याले खच्ची करून राहिले अन् मंग परत देऊन राहिले. तसं पत्र आलं. हे बरोबर आहे का?"

मी म्हटलं, बघून सांगते.

केंद्रात येऊन पाहिलं. सरांनी यादी जानेवारीच्या अहवालाबरोबरच वर पाठवून दिली होती. मंजुरीही आली. नव्या वगारींसाठी गोठा मोकळा हवा, म्हणून न निवडलेले सहाही रेडे करारातल्या अटीप्रमाणे खच्ची करून मालकांना परत. सतरा तारखेला. वीसची बैठक म्हणजे नुसता देखावा, निर्णय आधीच झालेला.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, बैठकीतच ठरेल.

१५ फेब्रुवारी

आज शनिवार. घरीच होते. सकाळपासून एकाच गोष्टीभोवती फिरते आहे.

आता सरांना सांगितलं तर ते ओळ चालू करतील, यादी बदलतील आणि 'कंत्राटी प्रोग्रॅमरची चूक' एवढं टिपण फाइलला लावतील. संपलं. फलक तसाच राहील. वर मी बाहेर.

सांगितलं नाही तर सहा रेडे जातात. कोणतेतरी सहा तसेही जाणारच होते, तिघेच राहणार होते. नीट चालवलं तर बुध्या तिघांत येतो का, ते मी पाहिलेलं नाही. मुद्दामच चालवून पाहिलं नाही. कदाचित येत नसेल.

म्हणजे प्रश्न फार तर एका रेड्याचा आहे. एका. आणि खच्ची होणं म्हणजे मरणं नव्हे. ओढकामाला चांगला पडतो.

चार वर्षांसमोर एक रेडा.

कवडूभाऊंचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. वीसनंतर सगळं समजावून सांगेन.

१७ फेब्रुवारी

आज गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सविस्तर लिहिते, एकही क्षण सुटायला नको.

सभागृह भरलेलं. समितीच्या अध्यक्ष डॉ. वैभवी, पुण्याहून आलेल्या, पहिल्या रांगेत. सरांनी पंचवीस मिनिटं 'कळप'बद्दल सांगितलं. 'मी असं ठरवलं', 'मी अशी रचना केली'. मग तीन रेड्यांचे फोटो. टाळ्या.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी शेवटच्या रांगेतून उठले. आवाज कापेल असं वाटलं होतं. नाही कापला.

"सर, या तिघांच्या आया कोणत्या?"

सरांनी कागद चाळले. म्हणाले, वेगवेगळ्या असणार, 'कळप' तेच तर बघतो. मी नोंदीतून वाचून दाखवलं. बिल्ला दोन, आई हिराई, खापा. बिल्ला पाच, आई हिराई, खापा. बिल्ला आठ. तिथे मी जरा थांबले. पुढचं एका निवृत्त डॉक्टरांनीच बसल्या जागेवरून पूर्ण केलं आणि त्यांना हसू आवरेना.

वैभवी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "एका आईचे तीन भाऊ एका तालुक्यात? हा प्रोग्रॅम कोणी लिहिला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोन-तीन सेकंदांत त्यांना सगळं कळलं, मी पाहिलं ते. ओळ कोणी बंद केली, का केली आणि आपण ते का सांगू शकत नाही. चेहरा ओल्या मातीसारखा झाला. मग म्हणाले, "मी."

असं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

सरांकडून योजना काढून घेतली. चौकशी होईपर्यंत दुसऱ्या विभागात बसायचं आहे त्यांना. संचालकांनी मला बोलावून विचारलं, प्रोग्रॅम कोणाला समजतो? मी म्हटलं, मला. आजपासून 'कळप'चं काम माझ्याकडे. नवा फलक होईल.

पहिलं काम म्हणून ओळ चालू केली आणि नऊ रेडे पुन्हा चालवले. पहिला आला बिल्ला सात.

नुसता पहिला नाही. दुसऱ्यापेक्षा कितीतरी पुढे. दहा पिढ्यांनंतर कळपाचं दूध त्याच्यामुळे जेवढं वाढतं, तेवढं हिराईच्या तिन्ही पोरांनी मिळूनही वाढत नाही. तीनदा चालवलं. तिन्ही वेळा सात.

अहवालात लिहिलं : 'डॉ. राऊत यांनी सदोष निवडीच्या आधारे दिलेल्या आदेशामुळे हा रेडा पैदाशीसाठी कायमचा गमावला.' वाक्य खरं आहे. आदेशावर सही त्यांचीच आहे, आणि आई कोणती एवढं तरी बघायला हवं होतं त्यांनी.

चिन्मयी हल्ली मला मॅडम म्हणते. दुसऱ्याला पद मिळालं की माणसं अशी बदलतात. मत्सर कोणाला सुटला आहे?

२७ फेब्रुवारी

कवडूभाऊ केंद्रात आले. धुतलेला सदरा, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी खवा. सभेत मी सरांना उघडं पाडलं हे त्यांच्या कानावर गेलं आहे. म्हणाले, "तुमी होत्या म्हून खरं बाहेर आलं मॅडम. नाही त कोण बोलते आमच्यासाठी?"

त्यांना तक्रार द्यायची आहे, वरपर्यंत. सरकारी भाषा येत नाही, तेव्हा मी लिहून द्यावी. मी खवा टेबलाच्या खणात ठेवला आणि कागद घेतला. ते सांगत होते, मी लिहीत होते. बुध्याची आई कोणती, तो किती दिवसांचा असताना उभा राहिला, केंद्राच्या गाडीत चढायला कसा तयार नव्हता. मी म्हटलं, एवढं लागत नाही. ते म्हणाले, "जसं झालं तसं लिहा. कमी नको, जास्त नको."

जबाबदार कोण, या ओळीवर मी सरांचं नाव लिहिलं. हात थांबला नाही, हे खरं सांगते. उलट अक्षर चांगलं आलं.

त्यांनी तिथे सही केली नाही. कुसुमले वाचून दाखवतो, मंग करतो, म्हणाले. कागदाची घडी वरच्या खिशात ठेवली.

चिन्मयी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. कवडूभाऊ गेल्यावर म्हणाली, "मॅडम, मी अजून कोणाला काही बोलले नाही. पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही." आणि आत गेली.

धमकी देते का मला? ओळ बंद आहे हे तिलाही माहीत होतं. ती तरी कुठे बोलली?

खवा घरी नेला नाही. खणातच राहिला.

३ मार्च, सोमवार

साडेबारा वाजता कुसुमताईंचा फोन. त्या कधी फोन करत नाहीत. नमस्कार नाही, काही नाही. समोर वही असावी, पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"बाई, एक तारीख जुळत नाही. चौदा तारखेले सकाळी यांनी तुमाले फोन केला. सोमवारी बुध्याले खच्ची करून राहिले म्हून सांगतलं. वीस तारखेले तुमी सभेत हिराईचं इचारलं. ते तुमाले वीस तारखेलेच समजलं, का चौदाले मालूम होतं?"

मी म्हटलं, आवाज येत नाही, आणि फोन ठेवला.

आवाज स्वच्छ येत होता.

मग जेवायला गेले. चिन्मयी दुसऱ्या टेबलावर बसली होती. एक पोळी खाल्ली. काय सांगता येईल ते जुळवून पाहिलं : मला शंका होती पण खात्री नव्हती, सरांचा दबाव होता, माझ्या हातात काय होतं. प्रत्येक उत्तर कुसुमताईंना सांगून पाहिलं, मनात. प्रत्येक वेळी त्या पान उलटत होत्या.

दोन वाजता मीच फोन लावला.

"मालूम होतं," मी म्हटलं. "चौदाच्याही आधी. नऊ जानेवारीपासून. ती ओळ मीच बंद केली."

मागे कुठेतरी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"या मंग इकडे," एवढंच म्हणाल्या.

५ मार्च, बुधवार

रजा टाकून गेले. खाप्याच्या स्टँडवरून घर दहा मिनिटं, मला अर्धा तास लागला.

कुसुमताई दारात कडबा तोडत होत्या. उठल्या नाहीत. पाणी विचारलं नाही. अंगणाच्या कडेला बुध्या बांधला होता. मी त्याला चार महिन्यांनी बघत होते. केंद्रात माणूस दिसला की डोकं खाली घालून जमीन उकरायचा. आज मी अगदी जवळ गेले तरी हलला नाही. माशाही हाकलत नव्हता.

कवडूभाऊ नदीकडून आले. मी बोलायला सुरुवात केली. फलक, चार वर्षं, कॅनवरचं नाव, सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"त्या साहेबाले पाडायचं होतं, त मले सांगायचं होतं बाई. मी गावातले वीस माणसं घेऊन आलो असतो तुमच्यासाठी. माह्या रेड्याले काहून घातलं त्याच्यात?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला काही बोलता आलं असतं.

कुसुमताई आत जाऊन कागद घेऊन आल्या. माझ्याच अक्षरातला. पेनही आणलं. "तुमचं लिहिलेलं आहे. तुमीच दुरुस्त करा."

मी बाजेवर बसून दुरुस्त केलं. सरांचं नाव खोडलं नाही. न बघता सही केली हे खरंच आहे आणि ते त्यांना मी सोडणार नाही. पण त्याच्या अगोदर माझं लिहिलं. काय केलं, कोणत्या तारखेला केलं, चौदाला काय कळलं, सतराला घरी का राहिले. जागा पुरेना, मागच्या पानावर गेले. कुसुमताई उभ्या राहून वाचत होत्या. एका ठिकाणी मी सोळा तारीख लिहिली होती, तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "पंधरा. दोन फोन पंधराले केले होते यांनी."

मी पंधरा केलं.

कवडूभाऊंनी सही केली आणि कागद परत माझ्याच हातात दिला. तुमीच नेऊन द्या, म्हणाले. मग बुध्याची दोरी सोडली. पाण्यावर नेताना वळून न बघता म्हणाले, "साडेचारची बस धरा. मंगची भरून येते."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. सावनेरपर्यंत कागद मांडीवरच होता. खरं लिहायचं तर एवढं झाल्यावरही सरांचा तो चेहरा आठवला की आत कुठेतरी बरं वाटतं. आज वाटलं. मग दोरी न ओढता मुकाट मागे चाललेला रेडा आठवला, आणि दोन्ही एकाच जागी आले.

६ मार्च

दहा वाजता आवक विभागात कागद दिला. पोच घेतली. संचालक अकराला येतात. बाहेर बाकावर बसले आहे.